काकांचं इंटरनेट खातं

भुईगावच्या आमच्या घरमालक काकांनी मला मदत केली, हे मी सगळ्यात आधी लिहून ठेवते. पुढे मी त्यांची जी टिंगल करणार आहे ती वाचून कुणाला वाटायला नको की या बाईला उपकाराची जाण नाही. जाण आहे, म्हणून तर सातवीत शाळा सोडलेली मी वही घेऊन बसले आहे. तर काकांबद्दल एकाच वाक्यात सांगायचं झालं तर असं सांगता येईल की या पृथ्वीच्या पाठीवर कळण्यासारखं जेवढं काही आहे, तेवढं सगळं त्यांना सोळा दिवसांत कळलं. त्याआधीची साठ-बासष्ट वर्षं ते तुमच्या-माझ्यासारखेच होते. काही माहीत असायचं, काही नसायचं, आणि नसलेल्याचं त्यांना दुःखही नव्हतं. सोळा हा आकडा माझा नाही, काकींचा आहे. काका पहिल्यांदा इंटरनेटला गेले त्या दिवसावर काकींनी भिंतीवरच्या कॅलेंडरात फुली मारून ठेवली होती, आणि ज्या दिवशी त्यांनी काकींना त्यांचीच वालाची भाजी कशी करायची ते सांगितलं, त्या दिवशी दुसरी. मधले दिवस मोजले की सोळा भरतात.

माझं माहेर देवगडच्या खालच्या अंगाला. लग्न होऊन वसईत आले तेव्हा मला इथलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. नवरा मालवाहू जहाजावर खलाशी. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर. काकांच्या वाडीत, त्यांच्या घराच्या पाठीमागे, केळींना लागून दोन खोल्या होत्या, त्या आम्ही भाड्याने घेतल्या. मी साड्यांना फॉल-पिको करायची, ब्लाउज शिवायची. माझं मशीन मी मुद्दाम मधल्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं, कारण भिंतीपलीकडे काकांचा फोन होता. जहाज बंदराला लागलं की नवरा त्या फोनवर फोन करायचा. फोन वाजला की माझा पाय आपोआप मशीनच्या पायट्यावरून उचलला जायचा. किती ब्लाउजांच्या शिवणी त्या फोनपायी मध्येच तुटल्या, त्याचा हिशेब गिऱ्हाइकांनाच ठाऊक. काकी मात्र प्रत्येक वेळी, फोन माझा नसला तरी, भिंतीवर दोन थापा मारून सांगायच्या, "तुजा नाय गो, शिव तू."

काकांची सगळी नोकरी तारखात्यात गेली. सुरुवातीला सायकलवरून घरोघर तारा वाटल्या, मग परीक्षा देऊन आत टेबलावर बसले. कडकट्ट करणाऱ्या त्या यंत्रावर तीसेक वर्षं त्यांनी लोकांचे जन्म, मृत्यू, लग्नं आणि रजेचे खोटे अर्ज या गावाहून त्या गावाला धाडले. निवृत्त झाल्यावर ते वाडीत केळी बघायचे, रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायचे आणि कुणाशी बोलताना बोटांनी खुर्चीच्या हातावर टकटक करायचे. काकी म्हणायच्या, "ते जे तोंडाने बोलतात ते खोटं, हाताने वाजवतात ते खरं. पण ते वाचायला शिकले नाय मी."

मग पारनाक्यावरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये, जिथे पोरी पूर्वी टायपिंगची परीक्षा द्यायला बसायच्या, तिथे टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले. दारावर 'इंटरनेट' अशी पाटी लागली. इन्स्टिट्यूट चालवणाऱ्या बाईंना सगळे टायपिंगच्या बाईच म्हणायचे आणि पाटी बदलली तरी तेच म्हणत राहिले. काका पेन्शन आणायला वसईत गेले होते, ते पाटी बघून आत शिरले, आणि परत आले ते दुसरेच कुणी.

इंटरनेट हे एक सरकारी खातं आहे, अशी त्यांची पहिल्या दिवसापासून पक्की समजूत होती. तारखात्यासारखंच, फक्त साहेब अमेरिकेत बसतो. म्हणून तिथे जाताना ते इस्त्रीचा शर्ट घालायचे. चपला बाहेर काढायचे. ई-मेल पाठवल्यावर उठायचे नाहीत. पोच येईपर्यंत पंधरा मिनिटं खुर्चीत ताठ बसून राहायचे. बाईंकडे पावती मागायचे आणि पावतीवर शिक्का मागायचे. बाईंकडे टायपिंगच्या परीक्षेचा जुना गोल शिक्का पडून होता. रोजच्या वादाला कंटाळून त्या तोच मारून द्यायच्या. त्यामुळे काकांनी जगभर पाठवलेली प्रत्येक ई-मेल, शिक्क्यानुसार, मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेली आहे. रविवारी आणि संध्याकाळी पाचनंतर ते काही पाठवत नसत. "पाचनंतर दिलेलं दुसऱ्या दिवशीच्या पिशवीत पडतं," ते सांगायचे. बाई एकदा म्हणाल्या, "काका, याला पिशवी नसते." काका हसले. ज्याला खात्याचं आतलं काही ठाऊक नाही अशा माणसाला हसतात तसं.

आणि शब्द. तारेत शब्दागणिक पैसे पडायचे, म्हणून काकांचं आयुष्य शब्द वाचवण्यात गेलेलं; दहा शब्दांच्या वर गेली ती तार नव्हे, म्हणायचे. तारखात्यात शुभेच्छांना नंबर असायचे. आख्खं वाक्य लिहायचं नाही, नुसता नंबर द्यायचा. पलीकडच्या ऑफिसात त्या नंबराचं वाक्य होऊन माणसाच्या हातात पडायचं. आठ नंबर म्हणजे नवरा-नवरीला आशीर्वाद. काकांची भाची कुवेतला होती. तिच्या लग्नाच्या वाढदिवसाला काकांनी ई-मेल केली, आणि त्यात एवढंच लिहिलं: आठ. खाली सही नाही, नाव नाही. नावालाही पैसे पडतात. भाचीने ते पाहिलं. आठ काय? आठ वाजता काय झालं? आठ जण गेले? तिने कुवेतहून फोन लावला. मी मशीन थांबवलं, पण फोन माझा नव्हता. भिंतीपलीकडून काका शांतपणे सांगत होते, "अगं, पलीकडे नंबराचं वाक्य करून देतात. तुमच्या ऑफिसात तेवढी सोय नसेल तर तक्रार कर."

पुढे बाईंनी त्यांना समजावून दिलं की इथे शब्दाला पैसे नसतात, कितीही लिहा, दर तासाचा. झालं. तीस वर्षं अडवून धरलेलं धरण एकदम फुटलं. काका पानंच्या पानं लिहू लागले आणि पानंच्या पानं वाचू लागले. वाचलेलं सगळं ते एका लांबड्या वहीत हाताने उतरवून आणायचे, आणि वाडीच्या फाटकाशी उभे राहून जो सापडेल त्याला वाचून दाखवायचे. 'इंटरनेटवर आलंय' हे त्यांचं शेवटचं वाक्य असायचं. त्यापुढे अपील नव्हतं. शेजारचे म्हातारे बागायतदार पन्नास वर्षं पानवेली लावत आलेले. त्यांना काकांनी बांधावर उभं करून पानवेल कशी लावावी ते वाचून दाखवलं. म्हातारबुवांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे. फक्त यात वेल उलटी लावलीये." मासळी घेऊन येणाऱ्या बाईला त्यांनी सांगितलं की बोंबील किती थंडीत ठेवायचा असतो त्याचा आकडा आलाय. तिने टोपली खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "काका, बोंबील पान्यात असतो, तुमच्या मशीनीत नाय. घेनार काय नाय ते सांगा." एका रविवारी मिस्सा संपल्यावर त्यांनी फादरना देवळाच्या, म्हणजे चर्चच्याच, पायरीवर गाठलं. प्रवचनात फादर आकाशातला तारा बघत निघालेल्या ज्ञानी राजांबद्दल बोलले होते; काकांनी त्या प्रवासाचं किलोमीटरमध्ये अंतर दिलं आणि राजांनी दुसरा रस्ता धरला असता तर दोन दिवस वाचले असते, हेही सांगितलं. फादर म्हणाले, "काका, पुढच्या वेळी ते तुम्हाला विचारूनच निघतील."

सगळ्यात हाल काकींचे झाले. त्यांचं डोकं दुखलं की पूर्वी काका बाम आणून द्यायचे. आता ते डोकं दुखण्याची चाळीस कारणं घेऊन यायचे. काकी डोळे मिटून पडलेल्या आणि काका उशाशी बसून एकेक कारण वाचतायत, प्रत्येकाला "असं होतं का? मग असं होतं का?" विचारतायत. सव्विसाव्या कारणाला काकी उठून बसल्या आणि म्हणाल्या, "सत्ताविसावं मी सांगू?"

मला तेव्हा हसू यायचं आणि थोडा रागही यायचा. टायपिंगच्या बाई कॉम्प्युटरचं मशीन खोलून पुन्हा जोडायच्या, वायरी बदलायच्या, लाइन तुटली की टेलिफोनवाल्यांशी भांडायच्या. त्यांना काहीही विचारलं तरी त्या म्हणायच्या, "बघावं लागेल." आणि काका, ज्यांना ते मशीन बंद कसं करायचं हे शेवटपर्यंत कळलं नाही, ते म्हणायचे, "मला माहीत आहे." नव्याने आलेल्या माणसाला सगळं माहीत असतं. जरा मुरला की त्याच्या तोंडी 'बघावं लागेल' येतं. पण मुरायला काकांना वेळ कुठे होता? त्यांना जगाला सांगायचं होतं. आणि गावात त्यांचं ऐकणारेही भेटायचे. एक घर तर त्यांच्या सांगण्यावरून तीन दिवस नुसत्या काकडीवर राहिलं.

एवढं सगळं गमतीचं होतं, जोवर त्यात माझं काही नव्हतं.

त्या वर्षी नाताळच्या दोन दिवस आधी नवऱ्याचा फोन आला. "पुढच्या बंदरातून करतो," म्हणाला. जानेवारी गेला, फोन नाही. फेब्रुवारी गेला. काकींच्या घरी चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला, त्यांनी मटण-मच्छी सोडली, तरी फोन नाही. एरवी महिन्यातून एकदा तरी पत्र यायचं, तेही नाही. मी मुंबईला कंपनीच्या ऑफिसात जाऊन आले. तिथल्या माणसाने मला दोन तास बाकावर बसवलं आणि म्हणाला, "जहाज चालू आहे, बाई. काही झालं तर आम्ही कळवतोच." काही झालं तर. हे तीन शब्द घेऊन मी घरी आले. त्यानंतर मी मशीन चालवायची ती दोन टाके घालून थांबायची, कानोसा घ्यायची, पुन्हा दोन टाके. गावी सासूला मात्र पत्रात लिहीत होते, 'ते मजेत आहेत, तुमची आठवण काढतात.'

काका म्हणाले, "एवढंच ना? मी इंटरनेटवर बघतो."

दुसऱ्या दिवशी ते जहाजाचं नाव कागदावर लिहून घेऊन गेले आणि दुपारी परत आले. फाटकाशी थांबले नाहीत. कुणाला काही वाचून दाखवलं नाही. मी विहिरीवर होते. ते माझ्याकडे न बघता घरात गेले. काकींनी जेवायला वाढलं, ते पानावरून उठले. संध्याकाळी काकी माझ्याकडे आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि उगाचच माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मला कळलं. कुणी काही न सांगता कळलं. मी उठले, त्यांच्या घरात गेले. काका खिडकीशी बसले होते, बोटं खुर्चीच्या हातावर अगदी हळू वाजत होती. वही टेबलावर होती. मी ती उघडली. शेवटच्या पानावर त्यांच्या सुबक अक्षरात जहाजाचं नाव होतं, आणि खाली लिहिलं होतं की हे जहाज सगळ्या माणसांसह बुडालं. पुढे इंग्रजी होतं. ते मला वाचता येत नव्हतं, पण आकडे वाचता येतात. मी ते साल दोनदा वाचलं. मग बोट ठेवून विचारलं, "काका, हे कधीचं?"

"काय कधीचं?"

"बुडालं ते. इथे साल आहे. हे तर महायुद्धातलं आहे. हे बुडालं तेव्हा माझ्या सासूचा जन्मसुद्धा झाला नव्हता."

काकांनी चष्मा लावला. पान डोळ्यांजवळ नेलं. लांब धरलं. एकाच नावाची दोन जहाजं असू शकतात हे खात्याने त्यांना कळवलं नव्हतं. काकी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ह्या माणसाने दुपारपासून माझ्याकडून तीन रोझरी म्हणून घेतल्या. कुणासाठी, तर त्या युद्धातल्या गोऱ्यांसाठी." मी हसले. हसता हसता खालीच बसले.

इतकं झाल्यावर शहाण्या माणसाने इंटरनेटचं नाव सोडलं असतं. काकांनी उलट मनावर घेतलं. "आता थेट कंपनीला लिहितो," म्हणाले, आणि एक ई-मेल केली. ती तीन पानांची होती. त्यात त्यांची तारखात्यातली सेवा होती, वसईचा थोडा इतिहास होता, आणि तिसऱ्या पानावर कुठेतरी मी आणि माझा नवरा होतो. शिक्क्याची पावती त्यांनी मला आणून दाखवली. दुसऱ्या दिवशी आनंदाने सांगत आले, "उत्तर आलं. खुद्द पोस्टमास्टरांचं."

"काय म्हणतायत?"

"चौकशी चालू आहे, असाच अर्थ होतो. इंग्रजी जरा अवघड आहे. मी त्यांना आदराने परत लिहिलंय. आणि खात्याची शिस्त बघ, माझं पत्र पोचायच्या आत त्यांचं दुसरं उत्तर आलं."

असं दहा दिवस चाललं. काका रोज पोस्टमास्टरांना लिहायचे, पोस्टमास्टर रोज त्याच मिनिटाला उत्तर द्यायचे. काका त्यांच्या कामसूपणावर खूश होते. आपल्या नोकरीत असा एकही वरिष्ठ भेटला नाही, म्हणायचे. अकराव्या दिवशी मला राहवलं नाही, मी त्यांच्याबरोबर पारनाक्यावर गेले. टायपिंगच्या बाईंनी ती उत्तरं पडद्यावर एकाखाली एक पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. "काका, ही मेल परत आलीये. सगळ्याच परत आल्यात. पत्ता चुकलाय. हा पोस्टमास्टर म्हणजे माणूस नाही, मशीन आहे. पत्त्याच्या पुढे हे आकडे कसले लिहिलेत?"

"पिनकोड," काका म्हणाले. "पिनकोडशिवाय टपाल रखडतं."

माझे दहा दिवस त्या पिनकोडात गेले होते. ज्यांच्या घरात राहते, ज्यांचा फोन वापरते, त्या वडीलधाऱ्या माणसाला मी आजवर उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. लोकांसमोर बोलले. "काका, तुमच्या इंटरनेटला काही कळत नाही आणि तुम्हालाही काही कळत नाही. माझा माणूस तीन महिने समुद्रावर आहे की समुद्रात आहे ते मला ठाऊक नाही, आणि तुम्ही मशीनला साहेब साहेब करत बसलात. अशी बाई तारऑफिसात आली असती तर काय केलं असतं तुम्ही? तिलाही वसईचा इतिहास सांगितला असता?"

मला वाटलं, संपलं, आता खोल्या खाली करायला सांगणार. पण काका खुर्ची ओढून बसले. बाईंकडे कोरा कागद आणि पेन्सिल मागितली. त्या पेन देत होत्या, काका नको म्हणाले. आणि मग मी त्यांचा जो चेहरा पाहिला तो त्याआधी कधी पाहिला नव्हता. फाटकाशी उभा राहून जगाला शिकवणारा माणूस नव्हता तो. त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. जहाजाचं नाव. नवऱ्याचं नाव, कंपनीत लागतं तसं. आणि तिसरा: "असं काहीतरी सांग, जे फक्त त्यालाच माहीत असेल."

"कशाला?"

"'सगळं ठीक आहे' असं कुणीही कळवतं, बाय. ऑफिसातला माणूस जागेवर बसूनही कळवील. आमच्याकडे खोट्या तारा ढिगाने यायच्या. आई सीरियस, ताबडतोब निघा. आणि आई घरी लाडू वळत बसलेली. म्हणून समजदार माणसं तारेत खूण मागायची. खुणेशिवाय खुशालीला अर्थ नाही."

मी विचार केला. आमच्या लग्नाला अडीच वर्षं झाली होती, त्यातले सात महिने काय ते आम्ही एकत्र होतो. फक्त त्यालाच माहीत असेल असं माझं काय होतं? मग आठवलं. खाऱ्या हवेने मशीनच्या सुया गंजतात म्हणून मी त्या पावडरच्या डब्यात पुरून ठेवते. हे कुणाला माहीत नाही. नवऱ्याला माहीत आहे, कारण अंघोळीनंतर त्याने तो डबा हातावर उपडा केला होता आणि सुई त्याच्या अंगठ्यात गेली होती.

काकांनी पंधरा शब्द लिहिले. मग खोडायला लागले. "कृपया काढलं. कृपया असलं की माणसाला वाटतं सवडीने करू." अकरावर आले. दोन आणखी काढले. बोटांनी टेबलावर एकदा सगळं वाजवून पाहिलं, मान हलवली आणि कागद बाईंना दिला. ते इंग्रजीत होतं; मला त्याचं मराठी करून सांगितलं ते एवढंच: 'नाताळपासून खबर नाही. पत्नी चिंतेत. खुशाली कळवा. सुया कुठे?' आणि नवऱ्याचं नाव. पत्ता बाईंनी घातला. त्या दिवशी काकांनी पावती मागितली नाही.

त्या दिवसापासून काका पानावर बसायचे आणि न जेवताच उठायचे.

चौथ्या दिवशी दुपारी मी एका नवरीचं ब्लाउज घेऊन बसले होते. गल्लीच्या टोकाला बस थांबल्याचा आवाज आला. इथे एक सांगायला हवं. काका तारा वाटायचे तेव्हाची त्यांची एक रीत होती, ती मला काकींनी सांगितली होती. तार म्हटलं की घरातल्या बाया वाचायच्या आधीच रडायला लागायच्या. म्हणून चांगली तार असली की काका फाटकापासूनच ओरडायचे, 'चांगली आहे'. वाईट असली की सायकल टेकवून गप्प चालत यायचे. अख्ख्या गावाला ते माहीत होतं. काका फाटकातून गप्प आले तर घरातून बाहेर कुणी यायचंच नाही.

मी पायटा थांबवला. केळींच्या पलीकडे त्यांचा पांढरा इस्त्रीचा शर्ट दिसला. ते फाटकाशी पोचले. कडी काढत होते. कडी निघायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी जगात कुठेच नव्हते.

"चांगली आहे गं बाय," काका ओरडले. "चांगली आहे."

कागदावर इंग्रजीतली एक ओळ होती. त्यांनी वाचून दाखवली नाही; हातात दिली, मग अर्थ सांगितला. 'खुशाल. पावडरचा डबा. अंगठा बरा आहे.'

काकी दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी क्रूसाची खूण केली आणि मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आज जेवशील?"

पुढे दोन आठवड्यांनी नवऱ्याचा फोन आला. जहाज एका बंदराबाहेर नांगर टाकून अडकलं होतं, कुणाला किनाऱ्यावर उतरू देत नव्हते, आणि पत्रं ज्याच्या हाती दिली त्याने ती टाकलीच नव्हती. कॅप्टनने त्याला वर बोलावून कागद हातात दिला तेव्हा त्याला वाटलं, आई गेली. आणि कागदावर सुया. कंपनीतला बाकावाला माणूसही नंतर मला म्हणाला, "बाई, घरच्यांची लांब लांब पत्रं आमच्याकडे येतात, ती आम्ही फायलीत लावतो. जहाजावर निरोप पाठवायचा तर अक्षरागणिक खर्च येतो हो. तुमचं एका ओळीचं होतं, तसंच पुढे सरकवलं. पण त्या सुया म्हणजे काय ते आमच्या साहेबांना अजून कळलेलं नाही."

अक्षरागणिक. हे मी काकांना सांगायला धावत गेले. सांगणार होते की काका, हे तुमच्या इंटरनेटने नाही केलं, तुमच्या तारेने केलं. जे तुम्ही आता जुनं झालं म्हणता, त्याने केलं. काका फाटकाशी उभे होते. पानवेलवाल्या म्हाताऱ्यांना सांगत होते, "बघितलंत? समुद्राच्या मधोमध माणूस शोधला. तीन महिने कंपनीला जमलं नाही ते चार दिवसांत झालं. इंटरनेट म्हणतात याला." म्हातारे म्हणाले, "हो का?" मी तशीच परत फिरले. ती त्यांची हौस होती, आणि त्यांच्या जुन्या कामाबद्दल मी मधे बोलायला जाणारी कोण?

आता आम्ही जूचंद्रला राहतो, स्वतःच्या जागेत. भुईगावला वर्षातून दोनदा जाणं होतं. काका थकलेत. इंटरनेट आता घरोघर आलंय, त्यांच्या नातवंडांना सगळं माहीत असतं, आणि फाटकाशी त्यांचं ऐकायला कुणी थांबत नाही. मागच्या खेपेला मी त्यांना विचारलं की एवढ्या तारा पाठवल्यात, तुमच्या स्वतःच्या नावाने कधी एखादी आली का? ते जरा वेळ खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत राहिले. "बघावं लागेल," म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. काकी आतून म्हणाल्या, "एक पण नाय आली. मला काय ठाऊक नाय होय?"

तेव्हापासून मी मनाशी ठरवलंय. एक दिवस मी त्यांना तार करणार आहे. ई-मेल नाही, फोन नाही, खरी तार, कागदावरची, त्यांच्या पूर्ण नावाची, पिनकोडसकट. तारऑफिसात आता फारसं कुणी जात नाही म्हणतात, म्हणून ते बंद व्हायच्या आत करणार. घेऊन येणाऱ्याच्या पाया पडून सांगणार की फाटकापासूनच ओरड, 'चांगली आहे' म्हण, नाहीतर काकी रडायला लागतील. मजकूर अजून होत नाही, तेवढाच खोळंबा आहे. रोज रात्री वहीत लिहिते, सकाळी खोडते. कृपया काढलं. उपकार काढलं. तरी सतरा शब्द उरतात. काकांनी एकदा वाजवून बघितलं असतं तर लगेच सांगितलं असतं कुठले सात जादा आहेत, पण हे त्यांना विचारता येत नाही. दहावर आले की पाठवीन.